दगडांना पत्ता मिळवून देताना: कांदिवलीच्या बंद खाणीतला संग्रह जमा करण्याचा अनुभव

गुरुवारी, २२ मे २०२५ ला, आमच्या घरातले १४३ दगड मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात रीतसर जमा झाले. जानेवारीत हे काम हाती घेतलं तेव्हा कुठे जायचं, कोणाला विचारायचं, कुठला कागद लागतो, काहीच माहीत नव्हतं. मुंबईच्या उपनगरांत अशा ट्रंका अजून बऱ्याच घरांत असणार, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझे सासरे, अण्णा, आता ८३ वर्षांचे आहेत. १९६८ पासून पुढची बरीच वर्षं ते कांदिवली पूर्वेच्या दगडखाणीवर हजेरी मुकादम होते. कांदिवलीच्या टेकडीचा दगड गेल्या शतकाच्या सुरुवातीला बॅक बेच्या भरावासाठी रेल्वेने गेला, आणि पुढे उपनगरं वाढली तेव्हा इमारतींना, रस्त्यांना लागणारी खडी इथल्याच खाणींतून निघाली. सुरुंग उडाला की काळ्या कातळातल्या पोकळ्या उघड्या पडत आणि त्यांत हिरवे, पांढरे, बदामी स्फटिक दिसत. क्रशरमध्ये जाण्याआधी जे हाताला लागलं ते अण्णांनी जपलं. खाणी बंद पडल्या, तिथे इमारती उभ्या राहिल्या, ट्रंक मात्र आमच्या पलंगाखाली राहिली.

४ जानेवारीला सोसायटीची सभा झाली आणि पुनर्विकासाचं पत्र हातात आलं. ३१ मेपर्यंत घर रिकामं करायचं. भाड्याचं घर लहान, त्यात ट्रंकेला जागा नाही. अण्णा म्हणाले, "सूनबाई, कोणी शिकणारं असेल त्याला दे. बागेत टाकायला देऊ नकोस." त्यांनी एवढंच सांगितलं आणि मी तेच धरून चालले.

आधी एका स्फटिकविक्रेत्याला बोलावलं, कारण तेवढीच एक वाट माहीत होती. त्याने वरवर पाहून दहा-बारा नग बाजूला काढले, त्यांचे पंधरा हजार देतो म्हणाला, आणि बाकीचे "तसे काही कामाचे नाहीत" असं सांगितलं. रक्कम कमी नव्हती. पण चांगले नग गेले की उरलेल्यांना कोणी हात लावणार नाही, हे लक्षात आलं. विकायचं असेल त्यांनी जरूर विकावं, त्यात गैर काही नाही; फक्त आधी सगळ्याची यादी करून घ्यावी. आम्ही नाही म्हटलं.

मग ओळखीतून भूशास्त्राच्या एका प्राध्यापक मॅडमचा ईमेल मिळाला. १९ जानेवारीला मी चार ओळी आणि मोबाइलवर काढलेले सहा फोटो पाठवले. आठवडाभर उत्तर नाही. परीक्षांचे दिवस होते, नंतर कळलं. २८ तारखेला उत्तर आलं ते असं: काहीही धुऊ नका, चिटकवू नका, वर्तमानपत्रं फेकू नका, आणि प्रत्येक दगड कुठून आला हे अण्णांना आजच विचारायला सुरुवात करा.

शेवटच्या वाक्याचं महत्त्व मला भेटीत कळलं. दगडाचं नाव प्रयोगशाळा केव्हाही काढू शकते, पन्नास वर्षांनीसुद्धा. तो कुठल्या खाणीतून, कुठल्या बाजूच्या कातळातून निघाला हे मात्र कुठलंही यंत्र सांगत नाही. ठावठिकाणा नसलेला दगड कपाटात शोभतो, अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. आणि खाणच उरली नसेल तर दुसरा नमुना आणायला कोणी जाऊही शकत नाही. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे दगड आहेत त्यापेक्षा अण्णा आहेत हे मोठं आहे." त्या दिवसापासून कामाचा क्रम बदलला. आधी अण्णा, मग दगड.

फेब्रुवारीतले रविवार त्यात गेले. सकाळी चहा झाला की टेबलावर पांढरी चादर, एक वही आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू. ट्रंकेतून एक पुडकं काढायचं, ते अण्णांच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला शिकावं लागलं. "हा मालाडचा का?" असं विचारलं की ते "असेल" म्हणत. नुसतं हातात दिलं की दोन-तीन मिनिटांनी आपोआप बोलत: "हा वरच्या बाकाचा. तिथला दगड फोडायला कठीण होता, पहार उडायची." (बाक म्हणजे खाणीत पायरीसारखा कापलेला टप्पा.) कोणाच्या घरी असं काही करायचं असेल तर प्रश्नात उत्तर घालू नका. आणि तासापेक्षा जास्त वेळ बसवू नका. नंतर थकव्यामुळे सगळेच दगड एकाच जागचे होतात.

बहुतेक नग कांदिवलीचे, काही मालाडचे, चार-पाच कुर्ल्याचे निघाले. जिथे अण्णांना खात्री नव्हती तिथे मी "कांदिवली, बहुधा" असं लिहिलं. मॅडमनी तो "बहुधा" तसाच ठेवायला सांगितला.

वर्तमानपत्रांचं कारणही कळलं. प्रत्येक पुडकं कुठल्या ना कुठल्या मराठी दैनिकाच्या पानात होतं आणि बऱ्याच पानांवर तारीख शाबूत होती. तारखेवरून एवढं नक्की ठरतं की तो दगड त्या दिवसाआधी गुंडाळलेला नाही. अण्णांची आठवण आणि कागदाची तारीख जुळली तिथे नोंद पक्की झाली. पानांचे फोटो काढून, क्रमांक घालून, पानं वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. दगडाभोवती परत तोच कागद गुंडाळायचा नाही, कारण जुना वर्तमानपत्री कागद आम्ल धरतो.

एका नगावर मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. काळ्या दगडाच्या पोकळीत बारीक पांढऱ्या तंतूंचा गोळा, खाणीवर त्याला सगळे "कापूस" म्हणत. हे ओकेनाइट, कॅल्शियमचं सिलिकेट. तंतू इतके नाजूक की बोट लागलं तर वाकतात आणि परत उभे राहत नाहीत. अण्णा म्हणाले, हा मला सापडलेला नाही. खडी फोडणाऱ्या एका बाईने पदराखाली झाकून आणून दिला होता, झोळीत तिचं तान्हं मूल होतं, आणि ती म्हणाली होती, "मुकादम, याला हात लावू नका, नुसतं बघा." तिचं नाव अण्णांना आठवत नाही, त्याचा त्यांना त्रास झाला. त्यांनी डोळे मिटून हजेरीपटातली नावं ओळीने म्हटली, त्यात ते सापडलं नाही.

संग्रहाच्या अर्जात "संकलक" असा एक रकाना असतो. मी सगळीकडे अण्णांचं नाव लिहिणार होते. अण्णांनी नको म्हटलं. वरच्या बाकावर चढून पोकळ्या उघडणारे वडार कामगार, सुरुंगवाले, खडी फोडणाऱ्या बाया यांनी आणून दिलेले नग वेगळे लिहायचे, असा त्यांचा हट्ट. मॅडमनी तो मानला. आता त्या ओकेनाइटच्या नोंदीत "खडी फोडणाऱ्या महिला कामगाराकडून प्राप्त, नाव अज्ञात" असं छापील अक्षरात आहे. या सगळ्या कामातली सर्वांत बरोबर नोंद ती, असं मला मनापासून वाटतं.

आता ओळख पटवण्याविषयी. मुंबईचा कातळ म्हणजे प्रामुख्याने बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हांचा भाग. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे कातळातून गरम पाणी फिरलं, त्याने खडकातलंच कॅल्शियम, सिलिका विरघळवून या पोकळ्यांत स्फटिकांच्या रूपात सोडलं. मुंबईच्या काही भागांत लाव्हा पाण्यात ओतला गेल्याच्या खुणाही आहेत, त्यांना पिलो लाव्हा म्हणतात. पुणे-नाशिककडच्या खाणींत स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांची रेलचेल असते. मुंबईच्या खाणींची ओळख प्रेहनाइट, गायरोलाइट, ओकेनाइट आणि काळी लोहयुक्त सिलिकेटं यांची. त्यातला प्रेहनाइट बहुतेक झिओलाइटांपेक्षा, म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या स्टिल्बाइटसारख्या खनिजांपेक्षा, जास्त उष्णतेत तयार होतो. म्हणजे एकाच दख्खनच्या दगडात ठिकाणागणिक वेगळी गोष्ट घडली आहे, आणि ती वाचायची तर पत्ता हवाच.

घरच्या घरी जेवढं करता आलं तेवढं केलं. नखाची कठीणता साधारण अडीच, काचेची साडेपाच. नगाच्या मागच्या कोपऱ्याने काचेच्या तुकड्यावर ओरखडा उठतो का ते पाहायचं. गारगोटी उठवते, प्रेहनाइटही उठवतो, कॅल्साइट उठवत नाही. कॅल्साइटची खात्री करायला सुरीच्या टोकाने चिमूटभर पूड खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. हा थेंब थेट नगावर टाकू नये. आम्लाने कॅल्साइटची चकाकी जाते आणि काही झिओलाइटंही खराब होतात. संडास साफ करायचं आम्ल तर घरात मुळीच वापरू नका.

लॉमॉन्टाइटने मला हळहळायला लावलं. अण्णांच्या आठवणीत ते लांब पांढरे स्फटिक होते. पुडकं उघडलं तर अर्धा चुरा. या खनिजाच्या रचनेतलं पाणी कोरड्या हवेत निघून जातं आणि स्फटिक आपोआप भुसभुशीत होतो. एसीच्या खोलीत तर लवकरच. तुमच्याकडे असा पांढरा, हात लावताच झडणारा नग असेल तर तो झिप पिशवीत बंद करून सावलीत ठेवा आणि चुराही टाकू नका. चुऱ्यावरसुद्धा तपासणी होते.

क्रमांक टाकायची पद्धत: नगाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा छोटा ठिपका, वाळल्यावर त्यावर पाण्याने न जाणाऱ्या काळ्या पेनाने आकडा. ओकेनाइट, लॉमॉन्टाइट यांच्या अंगावर काही लिहायचं नाही, क्रमांक डब्यावर. फोटोत प्रत्येक वेळी पट्टी ठेवायची. डब्यांना नऊशे रुपये गेले, शिवाय शेजारच्यांनी दिलेले मिठाईचे रिकामे खोके. नाजूक नगांना कापूस गुंडाळू नये, धागे अडकतात. थर्माकोलमध्ये दगडाच्या बुडाएवढा खड्डा कोरायचा, नग त्यात घट्ट बसवायचा आणि वर झाकणापर्यंत मोकळी जागा सोडायची.

मार्चमध्ये प्रयोगशाळेचं प्रकरण सुरू झालं. पाच नग डोळ्यांनी ठरत नव्हते, त्यांना एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तन चाचणी लागणार होती. नमुन्याची बारीक पूड करतात, तिच्यावर क्ष-किरण सोडतात, आणि स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीप्रमाणे ते ठरावीक कोनांत परततात. प्रत्येक खनिजाचा आलेख वेगळा, तो प्रमाण आलेखांशी ताडून पाहायचा. सुमारे ग्रॅमभर पूड पुरते, म्हणून चांगला स्फटिक फोडावा लागत नाही, पुडक्यात आधीच सुटलेली कपची चालते. पुडक्यांच्या तळाशी पडलेले कण फेकू नका असं मॅडम का सांगत होत्या ते इथे समजलं.

ज्या संस्थेत ही चाचणी होते तिथे खासगी व्यक्तीचा अर्ज "औद्योगिक" गटात धरतात. दर नमुन्याला २,००० रुपये. महाविद्यालयामार्फत गेलं तर शैक्षणिक दर ६५० रुपये. मॅडमनी विभागाच्या लेटरहेडवर पत्र दिलं आणि पाच नमुन्यांचे ३,२५० अधिक १८ टक्के जीएसटी, असे ३,८३५ रुपये भरले. पैसे ऑनलाइन भरल्यावर पावती छापून नमुन्यांसोबत द्यावी लागते. पहिल्या अर्जाला ती जोडलेली नव्हती म्हणून नमुने खिडकीवरच राहिले आणि रांगेतला आमचा क्रम मागे गेला. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुम्ही आधी फोन करून "पैसे भरल्यानंतर काय जोडायचं?" असा सरळ प्रश्न विचारा.

अहवाल १५ एप्रिलला आले. फिकट हिरवे गोलसर नग प्रेहनाइटच. तपकिरी झाक असलेले, पातळ पापुद्र्यांचे गोळे गायरोलाइट. प्रेहनाइटवर बसलेले काळे चकचकीत स्फटिक बॅबिंग्टनाइट. पांढरा चुरा अपेक्षेप्रमाणे लॉमॉन्टाइट. पाचवा नमुना, गडद हिरव्या-काळ्या सुयांचा, पंपेलिआइट गटातला एवढंच कळलं. जुल्गोल्डाइट नावाचं त्या गटातलं लोहयुक्त खनिज कांदिवलीच्या खाणीतून नोंदलेलं आहे, त्यामुळे हा तोच असण्याची शक्यता आहे. पण लोहाचं प्रमाण मोजल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. मी अण्णांना नावं वाचून दाखवली. प्रेहनाइट हे नाव त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं आणि त्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगितलं.

यानंतर कागदपत्रं. मला सगळ्यात धास्ती याचीच होती. दानाचा अर्ज, नगांची यादी तीन प्रतींत, दात्याच्या आधारची प्रत, आणि "संग्रह माझ्या मालकीचा असून कोणतीही अट न घालता देत आहे" असं साध्या कागदावरचं पत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. आमच्याकडून स्टॅम्पपेपर मागितला नाही. अडलं ते एका प्रश्नावर: हे दगड तुमचे कशावरून? बिल कुठून आणणार? दगड, खडी ही गौण खनिजं आहेत, त्यांच्या उत्खननाला महाराष्ट्रात २०१३ चे नियम लागू आहेत, त्यामुळे महाविद्यालयाच्या कार्यालयाने विचारणं योग्यच होतं. अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीची जुनी पावती आणि खाणीचं ओळखपत्र शोधून काढलं. त्यांवरचं नाव आणि काळ, शिवाय वर्तमानपत्रांच्या तारखा, यांच्या आधारावर स्वयंघोषणापत्र मान्य झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे नोकरीचे कागद जपून ठेवा, ते पेन्शनपलीकडेही उपयोगी पडतात.

दान स्वीकारायचं की नाही हे ठरवणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीची बैठक महिन्यातून एकदाच असते. एप्रिलची हुकली, मेची ९ तारखेला झाली. मधल्या दिवसांत घर बांधाबांधीने भरलं होतं आणि डबे ठेवायला जागा नव्हती. रात्री ते डायनिंग टेबलाखाली आणि दिवसा पलंगावर. समितीने सगळा संग्रह एकत्र ठेवण्याचं मान्य केलं. पण "कायम प्रदर्शनात ठेवू" असं लिहून द्यायला त्यांनी नकार दिला. मला आधी वाईट वाटलं. मॅडमनी समजावलं की बहुतेक नग कपाटाच्या खणांतच असतात आणि विद्यार्थी ते खणांतूनच काढून हाताळतात. अण्णांना ते लगेच पटलं. दान देताना प्रदर्शनाची अट घालू नका, संग्रह एकत्र राहावा एवढी विनंती मात्र जरूर करा.

त्या आठवड्यात मान्सूनपूर्व पाऊस सुरू होता. कांदिवलीहून टेम्पो केला, १,८०० रुपये, वर ताडपत्री. डबे मागे, ओकेनाइटचा खोका माझ्या मांडीवर. अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि प्रत्येक खड्ड्याला "सावकाश रे बाळा" म्हणत राहिले. विभागात पोचल्यावर नगागणिक यादी ताडून पाहायला दुपार गेली. एका विद्यार्थ्याने अण्णांना विचारलं, "काका, प्रेहनाइट खाणीच्या खालच्या भागात जास्त होता की वर?" अण्णांनी त्याच्याकडून कागद मागून घेतला, खाणीचे बाक काढले, पाणी साचायचं ती बाजू दाखवली आणि हिरवा माल कुठून यायचा तिथे खुणा केल्या. मॅडमनी तो कागद तारीख घालून, अण्णांची सही घेऊन यादीला जोडला. जिथे आज लोक राहतात त्या जमिनीखाली काय होतं, याचा तेवढा एक नकाशा आता कपाटात आहे. त्या दुपारी मला अण्णांचा फार अभिमान वाटला.

हे वाचून कोणी स्वतः नमुने शोधायला बंद खाणींत उतरू नये. कडे सैल असतात, पाणी किती खोल आहे ते कळत नाही, आणि जागा कोणाच्या ना कोणाच्या मालकीची असते. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून तर काहीही उचलू नये. शोधायचंच असेल तर खाणीवर राबलेल्यांची घरं शोधा.

जमा पावती त्याच दिवशी मिळाली, नोंदवहीतले क्रमांक मात्र १९ जूनला ईमेलने आले. ते क्रमांक आमच्या वहीतल्या क्रमांकांशेजारी लिहून ठेवले आहेत, म्हणजे अण्णांच्या आवाजातलं कुठलं रेकॉर्डिंग कुठल्या नगाचं ते कोणालाही लावता येईल. रेकॉर्डिंगची प्रतही विभागाला दिली. पाचव्या नमुन्याची पुढची तपासणी दिवाळीनंतर होणार आहे. दरम्यान अण्णांबरोबर काम केलेल्या पोयसरच्या एका सुरुंगवाल्या काकांनी निरोप पाठवला आहे की त्यांच्या माळ्यावर एक गोणी आहे. पुढच्या रविवारी वही, पट्टी आणि पांढरी चादर घेऊन तिकडे जाणार आहोत. त्यांना फोनवर एवढंच सांगितलं आहे: काका, धुऊ नका.